तिसरा उमेदवार

मुलाखतीला या म्हणून आग्रहाचा फोन आला, की समजायचं, जागा गेली.

खरी जागा असते तिथं कुणी फोन करत नाही. उलट मुलाखतीचं पत्र मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी हातात पडेल अशी चोख व्यवस्था केलेली असते. पाकिटावरचा शिक्का इतका पुसट, की ते निघालं कधी हे खुद्द पोस्टमनलाही छातीठोकपणे सांगता येऊ नये. पण मागच्या मार्चमध्ये रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. पलीकडे कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयाचे हेडक्लार्क होते. कॉलेजच्या हेडक्लार्कला सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

"सर, परवा येताय न्हवं?"

"येतोय की."

"नक्की? न्हाई, मागच्या टायमाला इंग्रजीच्या जागेला दोघंच आले. लई पंचाईत झाली. तुम्ही या. जेवण हाय."

जेवण! अकरा मुलाखतींच्या माझ्या कारकिर्दीत जेवणाचा उल्लेख पहिल्यांदाच होत होता. एरवी आम्हाला प्यायचं पाणीसुद्धा "तिकडं नळ आहे" इतक्या शब्दांत मिळतं. मी लगेच बॅग भरायला घेतली. आईनं फोनवर विचारलं, "या वेळी काही आशा आहे का रे?" मी म्हटलं, "आशा नाही, पण जेवण आहे."

ज्यांनी सरकारी किंवा निमसरकारी ऑफिसासाठी एखादं लोखंडी कपाट जरी विकत घेतलं असेल, त्यांना तीन कोटेशनांची रीत ठाऊक असते. कपाट कुणाकडून घ्यायचं ते आधी ठरतं. मग तोच दुकानदार एक कोटेशन आपलं देतो आणि चढ्या दराची दोन कोटेशनं मेहुण्याच्या नि चुलतभावाच्या लेटरहेडवर आणून देतो. फायलीला तीन कागद लागले, की स्पर्धा झाली. गेली सात वर्षं मी असा मेहुण्याच्या लेटरहेडवरचा कागद आहे. फरक इतकाच, की मेहुण्याला दुकानदार निदान ओळखतो तरी.

एका जागेला तीन तरी उमेदवार हजर पाहिजेत असं कुठं लिहिलंय, हे मी एकदा हौसेनं शोधून पाहिलं होतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निवड समितीची गणपूर्ती दिलेली आहे. पाच जण पाहिजेत, त्यांत बाहेरचे विषयतज्ज्ञ दोन. उमेदवारांची गणपूर्ती काही मला आढळली नाही. पण भाऊसाहेबांचा कायदा यूजीसीपेक्षा जुना आहे आणि त्याला एकच कलम आहे. "दोनच माणसं बरी दिसत न्हाईत, सर."

माझं शिक्षण सांगतो, म्हणजे ते कुणीतरी ऐकलं असं होईल. मराठीत एम.ए., मग सेट, मग पीएच.डी. पीएच.डी.चा विषय 'मराठी ग्रामीण कथेतील आठवडी बाजाराचे चित्रण'. पाच वर्षं बाजारावर काम केलं, पण बाजार कसा चालतो ते काही कळलं नाही, असं माझे काका म्हणतात. सध्या पुण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाला नऊशे रुपये. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा वकील झाला की काय! पण तास आठवड्याला मोजके, वर्षाचे महिने नऊच, आणि पैसे हातात येतात तेव्हा पुढच्या वर्षीचा अर्ज करायची वेळ झालेली असते. कायम झालेल्या सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत माझं लग्न अडकलंय.

राज्यात प्राध्यापकभरतीचं दार बरीच वर्षं बंद, नाहीतर किलकिलं असायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला परवानगी दिली. अख्खा महाराष्ट्र, सगळे विषय मिळून. आईनं पेपरात आकडा वाचला आणि चष्मा काढून म्हणाली, "दोन हजारांत एक तरी तुझी असेलच की!" आईच्या गणितात चूक नव्हती. तिला फक्त रस्ता माहीत नव्हता.

रस्ता असा. आधी संस्थेची बिंदुनामावली तयार होते. शंभर बिंदूंचा तो तक्ता, कितवी जागा कुठल्या प्रवर्गाची ते त्यावरून ठरतं. तो मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायचा. मग सहसंचालकांचं ना हरकत. मग विद्यापीठाची मान्यता. मग वर्तमानपत्रात जाहिरात. मग अर्ज, छाननी, कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, आणि या सगळ्यांना एकाच दिवशी सोयीची पडेल अशी तारीख. यातली एकही पायरी वाईट नाही, हे मी मनापासून सांगतो. प्रत्येक पायरी कुणावर तरी अन्याय झाला म्हणूनच बांधली गेलीय. पण सगळ्या पायऱ्या चढून धापा टाकत वर जावं, तर गच्चीवर आधीच कुणाचं तरी वाळवण घातलेलं असतं.

जाहिरात तर शोधूनच काढावी लागते. 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्या मधे, मुंगीच्या अक्षरात, आणि तीही बहुधा अशा आवृत्तीत की जी त्या तालुक्यात विकलीच जात नाही. आमच्यातले काही जण ती भिंगानं वाचतात. एकानं चुकून शेजारच्या 'हरवले आहे'ला अर्ज केला होता असं म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही. तिथं निदान सापडण्याची शक्यता असते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र कुणी आमच्याकडे बोट दाखवू नये. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, डोमिसाईल, जातीचं प्रमाणपत्र, तिची पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, एमएस-सीआयटी, सगळ्यांचे तीन-तीन साक्षांकित संच. वर लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. मी, खाली सही करणारा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मला दोनपेक्षा जास्त अपत्ये नाहीत. हे मी आजवर अकरा वेळा लिहून दिलंय. वय छत्तीस, अविवाहित. 'हयात अपत्यांची संख्या' या रकान्यात शून्य घालताना आई शेजारी बसली होती. म्हणाली, "एक तरी लिही. तेवढंच शुभ बोलल्यासारखं."

शिवाय शोधनिबंध. माझे तीन आहेत, पैकी दोन आंतरराष्ट्रीय. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचं कार्यालय आमच्याच गल्लीच्या टोकाला, झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळ्यावर आहे. पीअर रिव्ह्यू म्हणजे विषयातल्या दोघा जाणकारांनी निबंध बारकाईनं तपासणं. मी पंधराशे रुपये दिले आणि खाली येऊन चहा सांगितला. चहा यायच्या आत दोघाही जाणकारांचा होकार आला होता. आपल्या विद्वत्तेवर लोकांचा इतका विश्वास आहे हे तेव्हा कळलं.

या सगळ्याचे गुण असतात. यूजीसीचा तक्ता मला पाढ्यासारखा पाठ आहे. पदवीला १९, पदव्युत्तरला २३, पीएच.डी.चे २५, सेटचे ५, शोधनिबंधांचे ६. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा. त्यात तासिकेवरचा अनुभव धरायचा की नाही, हे मी गेलो त्या प्रत्येक संस्थेनं वेगळं ठरवलं. म्हणजे मी कुठं ८८ चा आहे, कुठं ७८ चा. आता त्या तक्त्याच्या खालची बारीक टीप वाचा. हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरते. निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. म्हणजे पहिलीपासून पीएच.डी.पर्यंतची पंचवीस वर्षं दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायची आणि आत जाऊन चार मिनिटांत नव्यानं हुशार व्हायचं.

तर, स्वारगेटवरून रात्रीची एसटी. फाईल मांडीवर, कारण वरच्या फळीवर ठेवली तर भाजीची पाटी तिच्यावर येते. मागे एकदा माझ्या सेटच्या प्रमाणपत्राला मेथीचा वास महिनाभर येत होता. पहाटे उतरलो. स्टँडच्या स्वच्छतागृहात दाढी, शर्ट बदलणं, टाय. हा टाय माझा नाही. तो आमच्या कॉट बेसिसवरच्या खोलीचा आहे. ज्याची मुलाखत त्याचा टाय. त्याची गाठ कुणालाच बांधता येत नाही, म्हणून कुणीच ती सोडत नाही. नुसती सैल करून दावं घालावं तशी डोक्यातून घालायची.

कॉलेजच्या फाटकावर अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक होता. वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते, पण फलक उतरवायचं धाडस कोण करणार? आत लिंबाच्या झाडाखाली बाक. बाकावर लातूरचे सर बसलेले. आम्ही गेली पाच वर्षं प्रत्येक मुलाखतीला भेटतो. त्यांचं पहिलं नाव मला माहीत नाही, पण त्यांच्या थोरल्या मुलीला गणितात किती पडले ते माहीत आहे. नमस्कार-चमत्कार झाला आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"जागा कुणाची?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळत नाही. त्याला वाटतं, जागा मराठीची. आमच्यात त्याचा अर्थ, आतला कोण? आतला ओळखायच्या काही खुणा आहेत. त्याच्याजवळ फाईल नसते. शिपाई मामा त्याला "सर" न म्हणता नावानं हाक मारतात. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे त्याला लघवीला कुठं जायचं ते विचारावं लागत नाही.

अर्ध्या तासात आतला सापडला. सापडला म्हणजे, तोच आमच्याकडे आला. निळा शर्ट, कपाळाला घाम, हातात चहाचा ट्रे. "घ्या सर, प्रवास कसा झाला?" हे आतले सर त्या कॉलेजात नऊ वर्षं तासिकेवर शिकवत होते. मुलाखतीच्या हॉलमधल्या खुर्च्या त्यांनी लावल्या होत्या. टेबलक्लॉथ त्यांनी घरून आणला होता. फुलदाणीतला निशिगंध त्यांच्या मिसेसनी सकाळी सहाला कुठूनसा मिळवला होता. उमेदवारांची यादी त्यांनीच टाईप केली होती. नऊ जणांना पत्रं, त्यांतले चार हजर. स्वतःच्या वरातीत स्वतःच घोड्याला चारा घालणारा नवरदेव मी पहिल्यांदाच पाहत होतो. मत्सर वाटायला हवा होता, पण तो चहात साखर बरोबर आहे का विचारत होता. मत्सर करायला पुरेशी सवड मिळाली नाही.

ते गेल्यावर लातूरचे सर माझ्याकडे झुकले आणि हात गुडघ्याआड धरून चार बोटं दाखवली.

मी मामांना हाक मारली, "मामा, अजून चार चहा."

"अहो, चहा नाही!" ते दबक्या आवाजात ओरडले. "रेट!"

मग कळलं. एक बोट म्हणजे दहा. दहा काय, ते तोंडानं बोलायचं नसतं. तोवर मामा चार चहा घेऊन आले होते. चाळीस लाखांचा तो चहा आम्ही दोघांनी कसाबसा संपवला. लातूरच्या सरांना हा आकडा कुठून कळतो आणि त्यात तथ्य किती, हे मला माहीत नाही. मला आजवर कुठल्याच संस्थेत कुणी पैसे मागितलेले नाहीत. खोटं कशाला बोलू, कधीकधी त्याचाच जास्त अपमान वाटतो. मागून बघण्याइतकाही विचार झाला नाही माझा.

साडेअकराला समिती आली. बारा वाजता समितीचा नाष्टा झाला. साडेबाराला पहिला उमेदवार आत गेला आणि मी घड्याळ लावलं. लातूरचे सर. तीन मिनिटं पन्नास सेकंद. बाहेर येऊन म्हणाले, "छान झाली." गेली पाच वर्षं त्यांची मुलाखत छानच होते.

मग मी.

हॉल मोठा होता. टेबलापलीकडे सात जण. मधे अध्यक्ष, त्यांच्या डावीकडे प्राचार्य, मग ज्यांना झोप येत होती ते दोघे, उजवीकडे विषयतज्ज्ञ. प्रत्येकासमोर काजू-बिस्किटांची बशी. माझ्यासमोर टेबलाची लांबलचक रिकामी बाजू. मी सवयीनं समितीची गणपूर्ती मोजली. भरत होती.

"गाव कुठलं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आडनाव या भागातलं वाटत न्हाई."

यावर काय बोलायचं, ते सेटच्या अभ्यासक्रमात नाही. मी हसलो. त्यांनी ते उत्तर धरून घेतलं.

"पीएच.डी. कशात?"

"ग्रामीण कथेतील बाजार."

"कुठला बाजार?" त्यांना प्रथमच रस वाटला. "जनावरांचा?"

"आठवडी."

"आपला बुधवारचा." ते प्राचार्यांकडे वळले. "पण ती पत्र्याची शेड अजून पूर्ण झाली न्हाई बघा." मग दोन मिनिटं शेडवर चर्चा झाली. ठेकेदार कोण, पत्रे कुठले. झोप आलेल्यांपैकी एक जागे झाले आणि पत्र्याच्या जाडीवर बोलले. माझी फाईल तेवढ्यात टेबलावरून प्रवास करत शेवटच्या माणसापाशी पोचली होती. त्यांनी पहिलं पान उघडलं, माझा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटली. फोटो जुळला असावा.

शेवटी एका तज्ज्ञांना दया आली. चष्मेवाले, सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मराठीतला आद्यग्रंथ कोणता?"

इथं मी सावध झालो. हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' म्हणावा, तर त्याचं परंपरेनं मानलेलं साल ११८८, पण त्या कालनिर्णयावर शंका घेतल्या गेल्यात. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' म्हणावं, तर ते गद्य आणि तेराव्या शतकातलं. मी म्हटलं, "सर, याबाबत दोन मतं आहेत."

"दोन कशी?" पलीकडचे तज्ज्ञ कडाडले. "एकच आहे. 'लीळाचरित्र'!"

"अहो, असं कसं? 'विवेकसिंधू'ची परंपरा..."

"परंपरा म्हणजे पुरावा नव्हे!"

"मग तुमचा पुरावा काय? मूळ प्रत दाखवा!"

पुढची सहा मिनिटं माझ्या आयुष्यातल्या अत्यंत विद्वत्तापूर्ण मुलाखतीची होती, आणि तिच्यात मी एक शब्दही बोललो नाही. प्राचार्यांनी मान टेनिसच्या सामन्यासारखी हलवली. अध्यक्षांनी एक काजू तोंडात टाकला आणि खाजगीत विचारावं तसं मला विचारलं, "यांचं हे जुनं आहे का?" मी म्हटलं, "बाराव्या शतकापासून."

मग पाठ. "समजा, आम्ही तुमचे विद्यार्थी आहोत," प्राचार्य म्हणाले, "काहीतरी शिकवून दाखवा." मी फळ्याकडे वळलो, खडू घेतला, 'ग्रामीण कथा' असं लिहिलं आणि मागं वळून पाहिलं. अध्यक्ष फोनवर होते. दोन तज्ज्ञ एकमेकांशी अजूनही पुटपुटत होते. एक जण खिडकीबाहेर बघत होते. एकाचा डोळा लागला होता. प्राचार्य तेवढे माझ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर माझ्यातून आरपार जाऊन कॅन्टीनच्या बिलावर स्थिरावली असावी. वर्गाचा इतका हुबेहूब आभास मला कुठल्याच समितीनं आजवर दिला नव्हता. मी अगदी घरच्यासारखा शिकवू लागलो. दोन मिनिटांनी "पुरे" म्हणाले, तेव्हा खडू खाली ठेवताना मला खरोखर वाईट वाटलं.

बाहेर आलो. "कशी झाली?" लातूरच्या सरांनी विचारलं. मी म्हटलं, "छान."

नंतर आतले सर आत गेले. जाताना त्यांनी शर्टाची बाही खाली करून बटण लावलं, दारात थांबून चपला काढल्या, मग मुलाखतीला चपला घालूनच जायचं असतं हे आठवून पुन्हा घातल्या. ते आत असतानाच फाटकातून पांढरी इनोव्हा आली. मागच्या दारातून एक जण उतरले. पंचविशीतले, गॉगल, हातात फक्त फोन. फाईल ड्रायव्हरच्या काखेत. मामा धावत गेले आणि म्हणाले, "या सर, या."

लातूरच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लातूरच्या सरांकडे. खुणा एकेक करून जुळत होत्या. फक्त शेवटची राहिली होती. तेवढ्यात गॉगलवाल्यांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि मामांना काहीतरी विचारलं. मामांनी त्यांना प्राचार्यांच्या केबिनचं अटॅच्ड टॉयलेट उघडून दिलं.

जेवणाला आम्ही तिघं लिंबाखाली. चौथं ताट केबिनमध्ये गेलं. जेवण मात्र भाऊसाहेबांनी शब्द दिला होता तसंच होतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. आतले सर वाढत होते. त्यांना कुणी वाढायला सांगितलं नव्हतं, पण नऊ वर्षांची सवय. प्राचार्य हात पुसत आमच्याजवळून गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, "काळजी करू नका हं. पुढच्या वर्षी तुमच्या तासिका आहेत तशाच ठेवतो."

निकाल लागला. आमच्याकडे निकाल असेच लागतात.

आतल्या सरांनी श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं. थोडा वेळ ते त्यातल्या डावाकडे बघत उभे राहिले. मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाले, "अजून घ्या ना सर. उरलंय."

स्टँडवर मला सोडायला तेच आले, मोटारसायकलवरून. वाटेत काही बोलले नाहीत. एसटीला वेळ होता. उसाच्या रसाच्या गाड्यावर उभे राहिलो. तिथं ते एकदम म्हणाले, "यादी मीच टाईप केली ना सर. त्यांचं नावसुद्धा मीच टाईप केलं. नंबर तीनला."

"मग लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं..." ते थांबले. रसवाल्यानं उसाचं कांडं दुमडून चरकात तिसऱ्यांदा घातलं. "मला वाटलं, ते पण तुमच्यासारखेच. आकडा भरायला." मग घाईघाईनं माझा हात धरला. "सॉरी हं सर. वाईट वाटून घेऊ नका."

मी त्यांच्याही रसाचे पैसे दिले.

त्यानंतर दोन महिने काहीच नाही. 'आपली निवड होऊ शकली नाही' असं पत्र यायची आमच्यात पद्धत नाही. कळवायचं कुणाला? ज्याची झाली त्याला आधीपासून ठाऊक असतं, आणि ज्यांची नाही त्यांना त्याच्याही आधीपासून. मी पुण्यात तासिका घेत होतो, पेपर तपासत होतो. लातूरच्या सरांचा मेसेज आला की धाकट्या मुलीला शिष्यवृत्ती लागली. खोलीतल्या दोघांनी टाय नेला आणि जसाच्या तसा परत आणून टांगला.

मग मेच्या मध्यावर, सुटीला घरी आलो असताना, एका रात्री साडेनऊला फोन वाजला.

"सर, भाऊसाहेब बोलतोय. ओळखलं का?"

"ओळखलं की. काय म्हणता?"

"सर, जरा घोळ झालाय. मान्यतेची फाईल विद्यापीठातून परत आली. उपस्थिती पत्रकावर तुमची एक सही राहिली म्हणं. आल्याची हाय, गेल्याची न्हाई."

मी काही क्षण गप्प राहिलो. सात वर्षं, अकरा मुलाखती, ८८ गुण, किंवा ७८. आणि आज प्रथमच माझ्यावाचून कुणाचं तरी अडलं होतं. रेकॉर्डप्रमाणे मी अजूनही तिथंच होतो, त्या लिंबाखालच्या बाकावर. आई खूण करून विचारत होती, कुणाचा फोन? मी तिला हातानंच सांगितलं, कॉलेजचा. तिनं देवाकडे बघितलं.

"कागद कुरिअरनं पाठवा ना, सही करून देतो."

"तसं न्हाई चालत. समक्ष करायची हाय, दोन नंबरच्या रजिस्टरला पण. साहेबांची नेमणूक अडकलीय, सर. त्यांनी जॉईनसुद्धा केलंय हो, पेढे वाटून झाले. तुम्ही न्हाई आला तर सगळी मुलाखत परत घ्यावी लागंल."

सगळी मुलाखत परत! डोळ्यांपुढे ते सात जण आले, ती पत्र्याची शेड, तो बाराव्या शतकापासूनचा वाद, आणि घरून टेबलक्लॉथ घेऊन येणारे आतले सर. एक वाईट विचार मनात आला. जाऊच नये. मग दुसरा आला, की परत घेतली तर परत तिसरा लागणार, आणि फोन मलाच येणार.

"भाऊसाहेब," मी आवाजात शक्य तितकं वजन आणून म्हटलं, "जाण्यायेण्याचं भाडं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. पंख्याचा आवाज येत होता. मग फोनवर हात धरून कुणाला तरी काहीतरी विचारल्यासारखं वाटलं.

"भाड्याची तरतूद न्हाई, सर," भाऊसाहेब म्हणाले. "पण आमरस हाय."

मी एसटीचं वेळापत्रक काढलं. आंब्याचे दिवस होते.